नव्या ब्रँडचं नाव कसं ठरवायचं: पहिल्या यादीपासून ट्रेडमार्क अर्जापर्यंत

कोल्हापुरात नवा धंदा सुरू होताना नावाचं काम बहुतेक वेळा असं होतं. घरात चर्चा होते, एक नाव सगळ्यांना आवडतं, त्याच आठवड्यात लोगो तयार होतो, पाऊच छापायला जातात आणि बोर्ड चढतो. ट्रेडमार्कची, म्हणजे नावावरच्या हक्काच्या सरकारी नोंदणीची, आठवण येते ती धंदा चालायला लागल्यावर, नाहीतर कुणाची नोटीस हातात पडल्यावर. तेव्हा नाव बदलायचं तर छापलेला माल वाया जातो आणि मोठ्या कष्टानं जमवलेली गिऱ्हाइकांची ओळखही जाते.

हे टाळता येतं. त्यासाठी फार हुशारी लागत नाही, क्रम लागतो. फुकटच्या तपासण्या आधी, पैसे लागणाऱ्या त्यानंतर आणि छपाई सगळ्यात शेवटी. निवांत केलं तर या सगळ्याला तीन-चार आठवडे पुरतात.

समजायला सोपं जावं म्हणून एकच धंदा डोळ्यांसमोर ठेवू. राजारामपुरीतल्या एका घरात कांदा-लसूण मसाला होतो, ओळखीत किलोनं विकला जातो. आता तो पाकिटात भरून दुकानांत ठेवायचा आहे. लेखात येणारी नावं फक्त पद्धत दाखवण्यासाठी आहेत. ती मोकळी आहेत असं समजून उचलू नका.

## टप्पा १: नावाआधी एक पान लिहा

एका कागदावर या प्रश्नांची उत्तरं लिहा.

- आज काय विकणार, आणि पाच वर्षांत त्यात काय वाढू शकतं?
- माल कुठे जाणार? शहरात, पुण्या-मुंबईला, की निपाणी-बेळगावकडे?
- गिऱ्हाईक नाव कसं मागणार: तोंडानं, फोनवर, की कागदावर?
- नाव कुणाच्या मालकीचं असणार?

तिसऱ्या प्रश्नाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि तो सगळ्यात कामाचा आहे. मसाला किराणा दुकानात तोंडानं मागितला जातो, म्हणून तिथं उच्चार महत्त्वाचा. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं नाव ऑर्डरच्या कागदावर आणि ई-मेलवर फिरतं, तिथं इंग्रजी स्पेलिंग चुकलं की पत्रव्यवहार भलतीकडे जातो. हुपरीच्या चांदीच्या पैंजणांवर नाव ठोकायला जागाच इवलीशी असते, तिथं लांबलचक नाव कामाचं नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चौथ्या टप्प्यापर्यंत विसरू नका. नावातच 'मसाला' घातला आणि पुढे लोणची, पापड, तूप सुरू झालं, की नाव अपुरं पडतं.

## टप्पा २: निदान चाळीस नावं गोळा करा

चाळीस जास्त वाटतील. पण पुढच्या चाळण्यांतून पाच-सहाच उरतात, म्हणून सुरुवात मोठ्या ढिगानंच करायला हवी. नावं या चार दिशांनी शोधा.

कामातले शब्द. पाटा, उखळ, कांडप, चूल, परात.

घर आणि गावातले शब्द. उंबरा, सोपा, परडं, तिकटी, चावडी. आपल्या भागात असे शब्द भरपूर आहेत आणि ते कृत्रिम वाटत नाहीत.

मालाशी संबंध नसलेले शब्द. टिटवी, पळस, आभाळ. मसाल्याशी यांचं काही नातं नाही, आणि कायद्याच्या नजरेतून तीच त्यांची ताकद आहे.

घडवलेले शब्द. दोन शब्दांचे तुकडे जोडून केलेली नावं. मुलांच्या नावांची आद्याक्षरं जोडायची आपल्याकडे पद्धत आहे. तीही चालेल, फक्त तयार झालेला शब्द उच्चारायला सोपा हवा.

सावधान: ही यादी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एकदा एखादं नाव सगळ्यांना आवडलं, की पुढच्या तपासण्या नावापुरत्याच होतात. आधी चाळणी, मग आवड.

## टप्पा ३: पहिली चाळणी, घरबसल्या

यादीतली अर्धी नावं इथंच जायला हवीत. घाई करू नका, बहुतेक चुका याच टप्प्यावर सुटून पुढे जातात.

गुण सांगणारी नावं. 'झणझणीत', 'घरगुती', 'अस्सल', 'चविष्ट' हे शब्द मालाचं वर्णन करतात. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ९ प्रमाणे मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग किंवा उगमस्थान नुसतं सांगणाऱ्या शब्दाला नोंदणी नाकारली जाते. अर्जाच्या आधीच वापरातून ते नाव तुमचंच म्हणून ओळखलं जात असेल तर सवलत मिळते, पण नव्या धंद्याकडे तो पुरावा कुठून येणार? शिवाय उद्या शेजारच्या पाकिटावरही 'झणझणीत' लिहिलेलं दिसलं तर तुम्ही त्याला अडवू शकणार नाही.

'कोल्हापुरी' आणि गावाची नावं. 'कोल्हापुरी' शब्दाचा मोह फार मोठा आहे. तो एकट्या कुणाचा होऊ शकत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालाला मिळणारी सरकारी ओळख) मिळालं, तेही महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी. कोल्हापूरचा गूळ आणि आजरा घनसाळ तांदूळ यांनाही मानांकन आहे. या मालात असाल तर मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून स्वतंत्र नोंदणी करा. ब्रँडचं नाव मात्र वेगळं हवं. पाकिटावर स्वतःचं नाव मोठं आणि त्याखाली 'कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला', अशी मांडणी बरोबर. करवीर, पंचगंगा, रंकाळा, पन्हाळा यांचंही तेच. ही नावं आपली आहेत खरी, पण गल्लोगल्ली आहेत.

देवांची नावं. अंबाबाई, महालक्ष्मी, ज्योतिबा. श्रद्धेनं ठेवलेलं नाव चुकीचं कसं, असं वाटेल. अडचण हक्काची आहे. 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याचं म्हणून मागणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये नकार दिला, कारण धर्मग्रंथाच्या नावावर एका व्यापाऱ्याचा हक्क असू शकत नाही. २०१८ मध्ये याच न्यायालयानं, कर्नाटक दूध महासंघाचा 'नंदिनी' ब्रँड असतानाही, तसाच उच्चार असलेलं नाव एका हॉटेल व्यवसायाला ठेवू दिलं. म्हणजे नाव मिळालं तरी ते राखणं अवघड. दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. पाकीट रिकामं झालं की कचऱ्यात जातं, गटारात जातं. देवीचं नाव किंवा चित्र तिथं दिसावं, असं आपल्यापैकी कुणालाच वाटत नाही. चपलांच्या धंद्यात तर देवाचं नाव मनातही आणू नका. धार्मिक भावना दुखावणारं चिन्ह कलम ९ खाली नाकारलंच जातं.

थोर व्यक्ती. छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांचं नाव किंवा चित्र व्यापारासाठी वापरायला १९५० च्या बोधचिन्हे व नावांच्या कायद्यानं बंदी आहे. शाहू महाराज, ताराराणी यांच्याबद्दल मी कायद्याच्या कलमात शिरणार नाही. कोल्हापुरात ही नावं मालावर न छापणंच योग्य. जिवंत किंवा गेल्या २० वर्षांत निधन झालेल्या व्यक्तीचं नाव असेल, तर ट्रेडमार्क निबंधक त्या व्यक्तीची किंवा वारसांची लेखी संमती मागू शकतात. तालमीतल्या पैलवानाचं किंवा खेळाडूचं नाव घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. परमिट रूम काढणाऱ्यांनी एक वेगळी अट पाहावी: मद्य विकणाऱ्या ठिकाणाला महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत.

आडनाव. आडनावावर चाललेले जुने धंदे पाहून लोक तेच करतात. पण त्याच आडनावाचा दुसरा माणूस प्रामाणिकपणे स्वतःच्या नावानं धंदा करत असेल, तर कायदा त्याला अडवत नाही. आणि भाऊ वेगळे झाले की आडनाव दोघांचंही असतं. मग एकाच रस्त्यावर दोन बोर्ड लागतात आणि वाद पुढच्या पिढीपर्यंत जातो.

तपासणी: उरलेल्या प्रत्येक नावापुढे एक वाक्य लिहा: 'हे नाव ऐकून माल कोणता ते कळतं का?' उत्तर ठळक 'हो' असेल तर नाव कमकुवत आहे. थोडा इशारा मिळत असेल किंवा काहीच कळत नसेल, तर नाव पुढे न्या.

## टप्पा ४: कानाची आणि स्पेलिंगची परीक्षा

आता यादीत दहा-बारा नावं असतील. ज्यांना तुमचा बेत माहीत नाही अशा दहा जणांना फोन करा. त्यात पुण्याचं कुणी असावं, कोकणातलं असावं, निपाणी-बेळगावचा कानडी बोलणारा एक तरी असावाच. नाव एकदाच उच्चारा आणि म्हणा, 'ऐकलंस तसं मराठीत आणि इंग्रजीत लिहून पाठव.' अर्थ सांगू नका, दुसऱ्यांदा म्हणू नका.

'तिकटी' घ्या. कोल्हापुरात तीन रस्ते मिळतात ती तिकटी, मिरजकर तिकटी सगळ्यांना माहीत आहे. तिखटाशी मिळताजुळता आवाज, मसाल्याला शोभतो. पण पुण्याचा माणूस 'तिकीट' किंवा 'तिखटी' लिहून पाठवील. माल जिल्ह्यातच राहणार असेल तर हे नाव छान आहे. मुंबईला जाणार असेल तर प्रत्येक दुकानदाराला समजावून सांगावं लागेल. टप्पा १ चं पान इथं कामाला येतं.

'परडं' उच्चारायला गोड, घरामागच्या जागेची आठवण देणारं. इंग्रजीत लिहिलं की मात्र लोक 'परदा' वाचतात. 'उंबरा'चं 'अंब्रा' होतं, 'सोपा'चा 'सोफा'. आपल्या ट, ठ, थ या तिन्ही अक्षरांसाठी इंग्रजीत जवळपास एकच सोय आहे आणि 'ळ' तर तिथं नाहीच. म्हणून ठ, ळ, ण असलेली नावं तिथं आधीच अडखळतात. त्यांना लगेच फेटाळू नका, पण दहापैकी सात जणांनी तरी बरोबर लिहिलं पाहिजे.

कानडी माणसाला आणखी एक विचारा: या आवाजाचा तुमच्याकडे काही वाईट अर्थ होतो का?

चूक: इंग्रजी स्पेलिंग अंकशास्त्राप्रमाणे जादा अक्षरं घालून बदलणं. ज्याची श्रद्धा असेल त्यानं ते जरूर करावं, पण ही फोनची परीक्षा बदललेल्या स्पेलिंगवरच पुन्हा घ्यावी. जे स्पेलिंग कुणाला अंदाजानं टाइप करता येत नाही, ते शोधात सापडत नाही.

## टप्पा ५: ट्रेडमार्कच्या नोंदवहीत शोध

पाच-सहा नावं उरली की इथं या. केंद्र सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर 'पब्लिक सर्च' फुकट आहे.

१. आधी वर्ग ठरवा. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत, पहिले ३४ मालाचे, पुढचे सेवांचे. मसाले आणि गूळ ३० मध्ये, दूध-तूप आणि खाद्यतेल २९ मध्ये, चपला आणि कपडे २५ मध्ये, दागिने १४ मध्ये, मिसळीचं हॉटेल ४३ मध्ये. आपला वर्ग आणि त्याच्याशी संबंध असलेले वर्ग, दोन्ही पाहा. मसाल्याला ३० बरोबर २९ आणि ४३ पाहाच.

२. शब्दाचा शोध. 'वर्डमार्क' निवडून 'कंटेन्स' या पर्यायानं शोधा. तंतोतंत जुळणारं नाव शोधणं पुरेसं नाही. प्रत्येक शक्य इंग्रजी स्पेलिंग स्वतंत्र टाका.

३. आवाजाचा शोध. 'फोनेटिक' पर्याय वापरा. बहुतेक जण तो उघडतच नाहीत आणि तिथंच फसतात.

४. सापडलेल्या प्रत्येक नावाची स्थिती वाचा. 'रजिस्टर्ड' असेल तर नाव सोडा. 'ऑब्जेक्टेड' किंवा 'अपोज्ड' म्हणजे अर्ज अजून जिवंत आहे. 'अबँडन्ड' किंवा 'रिफ्यूज्ड' म्हणजे अर्ज संपला, पण मालक ते नाव बाजारात वापरत असू शकतो. 'रिमूव्ह्ड' दिसलं तर मुदत संपल्याची तारीख पाहा, कारण त्यानंतर वर्षभर ते नाव पुन्हा जिवंत करता येतं.

नाव किती सारखं असलं की अडचण, हा प्रश्न सगळे विचारतात. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन औषधांच्या नावांवर सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये निकाल दिला आणि ती फसवणूक होण्याइतकी सारखी मानली. दोन्ही शब्द शेजारी ठेवून फरक शोधायचा नाही. साधारण समजेचा, नाव अर्धवट आठवणारा गिऱ्हाईक गोंधळेल का, हे पाहायचं. त्यामुळे पुढे 'श्री', 'न्यू' किंवा 'कोल्हापूरचा' जोडून नाव वेगळं होत नाही. देशभर गाजलेल्या नावांना तर इतर वर्गांतही संरक्षण असतं, त्यांच्या जवळपासही जाऊ नका.

सावधान: शॉप ॲक्टची नोंद, उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), जीएसटी, अन्नपदार्थांचा एफएसएसएआय परवाना किंवा कंपनीचं मंजूर झालेलं नाव, यांपैकी कशानंही ब्रँडच्या नावावर हक्क मिळत नाही. 'माझ्याकडे उद्यम आहे, नाव माझंच' हा समज मी सगळ्यात जास्त वेळा ऐकतो, आणि त्यानंच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

## टप्पा ६: बाजारात पायी शोध

नोंदवही कोरी आहे म्हणून नाव मोकळं आहे, असं होत नाही. कुणी नोंदणी न करता तेच नाव तुमच्याआधीपासून वापरत असेल तर कायदा त्याच्या बाजूनं उभा राहतो. मसाल्यासाठी लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, मार्केट यार्ड आणि महाद्वार रोडची दुकानं फिरा. दुकानदारापेक्षा वितरकाला विचारा, त्याला सांगली, इचलकरंजी, गडहिंग्लजला कोणती पाकिटं चालतात ते ठाऊक असतं. बचत गटांच्या प्रदर्शनांत जरूर जा. नोंद नसलेली पण वर्षानुवर्षं चाललेली नावं तिथं दिसतात.

विचारताना आपलं ठरलेलं नाव सांगू नका. 'या नावाचा काही माल येतो का' असं तीन-चार नावं मिसळून विचारा.

## टप्पा ७: इंटरनेटवरची जागा

हे काम अर्ध्या तासाचं आहे. डोमेन मोकळं आहे का ते पाहा, डॉट इन मिळालं तरी चालेल. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूबवर एकच नाव मिळतं का बघा. मधे आकडे किंवा आडव्या रेघा घालाव्या लागत असतील तर पुढचं नाव तपासा. गुगलवर नाव मराठीतही टाका, आणि मोबाइलला बोलूनही शोधा. पसंत पडलेल्या दोन नावांची डोमेन त्याच दिवशी घ्या.

## टप्पा ८: मालकी ठरवा, मग अर्ज

घरचे चौघे मिळून धंदा करत असतील तर नाव कुणाच्या नावावर, हे अर्जाआधी लेखी ठरवा. सासू मसाला करते, सून विक्री पाहते, अर्ज मुलाच्या नावावर, असं सर्रास होतं. पुढे काही बिनसलं तर जिच्या हाताला चव आहे तिच्याकडे नाव राहत नाही. भागीदारी असेल तर करारनाम्यात लिहा की नाव फर्मचं आहे आणि कुणी बाहेर पडलं तर ते कुणाकडे राहील. हे बोलणं अवघड जातं, पण धंद्यात पैसा येण्याआधी ते सगळ्यात सोपं असतं.

अर्ज टीएम-ए या फॉर्मवर ऑनलाइन होतो. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये सरकारी शुल्क आहे. फर्म किंवा कंपनी असेल तर आधी उद्यम नोंदणी करून घ्या, सवलत त्यावर मिळते. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. पैसे मागणारी तशीच दिसणारी संकेतस्थळं टाळा.

दोन निर्णय अर्जातच घ्यावे लागतात.

- शब्द की लोगो? पैसे एकाच अर्जाचे असतील तर नुसत्या शब्दाचा अर्ज करा. लोगो पुढे बदलतो, शब्द राहतो.
- वापर कधीपासून? अजून वापर नसेल तर 'वापरण्याचा विचार आहे' असं नोंदवा. आधीपासून वापरत असाल तर खरी तारीख लिहा. तिला प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात: नाव असलेली बिलं, पाकिटं, जाहिराती. ओळखीत चिठ्ठीवर विकलेल्या मालाचा पुरावा नसतो, म्हणून पहिल्या दिवसापासून नाव छापलेलं बिलबुक वापरा.

चूक: जुनी दिसावी म्हणून वापराची तारीख मागे ढकलणं. उद्या वाद झाला तर हीच तारीख तुमच्याविरुद्ध वापरली जाते.

## टप्पा ९: आता छपाई आणि बोर्ड

अर्ज क्रमांक हाती आला की डिझायनरकडे जा. आधी देवनागरी अक्षररचना करून घ्या, इंग्रजी त्यानंतर. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. लोगो फक्त इंग्रजीत करून आणला तर पाटीवर तो पुन्हा बसवावा लागतो.

नावाशेजारी 'टीएम' लिहायला हरकत नाही. गोलातलं 'आर' हे चिन्ह मात्र नोंदणी झाल्यावरच. आधी वापरलं तर कायद्यानं कारवाई होऊ शकते.

अर्जाची स्थिती दर महिन्याला पाहा आणि अर्जात दिलेला ई-मेल रोज उघडा. एक्झामिनेशन रिपोर्ट, म्हणजे अर्ज तपासणाऱ्याचे आक्षेप, तिथं येतो आणि उत्तराला एकच महिना मिळतो. उत्तर न दिल्यानं अर्ज सोडून दिल्यासारखा मानला जातो. सगळं सुरळीत झालं की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापलं जातं आणि कुणालाही हरकत घ्यायला चार महिने असतात. त्यानंतर मिळणारी नोंदणी अर्जाच्या तारखेपासून १० वर्षांची असते आणि पुढे दर १० वर्षांनी नूतनीकरण होतं.

हरकतीची मुदत संपेपर्यंत पाऊच तीन-चार महिने पुरतील एवढेच छापा. पाऊच छापायच्या सिलेंडरचा (साच्याचा) खर्च वाचवायला सुरुवातीला साधा पाऊच आणि त्यावर छापील लेबल वापरलं तरी चालतं. प्रमाणपत्र आलं की पुढच्या छपाईत 'टीएम'च्या जागी 'आर' घाला.